डोळे यायचे आहेत

वरसे, रोहा
१८ मे २०२५, रविवार

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तू बरी असशील असं धरून चालते.

इकडे उकाडा फार आहे. खोलीवरचा पत्रा दुपारी एवढा तापतो की मी पंख्याखाली ओली चादर पांघरून बसते. घरमालकीण म्हणते, "काय गो, मासळीसारखी ओली राहतेस?" जेवणाचं ठीक चाललंय. तू दिलेलं कैरीचं लोणचं संपलं. बरणी धुऊन ठेवली आहे.

या दिवसांत कागदावर पत्र कोण लिहितं, असं तुला वाटेल. तुझा फोन जितेशभाऊजींच्या खिशात असतो, म्हणून. मागच्या आठवड्यात केला तेव्हाही त्यांनीच उचलला. "काय मेव्हणीबाई, काय म्हणतात तुमचे मुडदे?" मी म्हटलं, ताईला द्या. तर म्हणाले, "ती मातीत हाय. आमच्याकडं पण मातीच, तुमच्याकडं पण मातीच. फरक एवढाच, आमची विकली जाते." आणि खूप हसले. मागून तुझा आवाज आला नाही.

हे पत्र इंदुबाई तुला गणपतीच्या कारखान्यातच देतील. त्यांना वाचता येत नाही, आणि "काय लिवलंय?" असं त्या विचारणाऱ्यातल्या नाहीत. माती मळायला इतकी वर्षं तुमच्याकडे आहेत, हे तुला सांगायला नको. टेम्पो निघून गेल्यावरच दे, असं मी त्यांना सांगितलं आहे. तेव्हा तू आत्ता एकटी असशील. बसून वाच.

माझ्या कामाबद्दल तू कधी विचारत नाहीस. मी आपणहून सांगतही नाही, सांगायची परवानगीही नसते. फॉरेन्सिकची गाडी बोलावतात तिथे आम्ही जातो, मोजतो, फोटो काढतो, नमुने पुड्यांत भरतो. मत देणं आमचं काम नाही. दिसलं ते लिहायचं, एवढंच. मला हे काम आवडतं ते याचसाठी.

गडबचं तू ऐकलं असशील. लग्नाच्या जेवणावळीत भांडी घासायला गेलेली बाई, घरी जायला हायवेवर गाडीची वाट बघत होती. होळीनंतर शेतात सापडली. गळा दाबलेला आणि तोंडावर ओलं फडकं. तेव्हा मी रजेवर होते. नंतर खांब गावाला एक म्हातारा राखणदार, नदीच्या उतारावर. त्यानंतर रोह्याच्या अलीकडे कालव्याच्या कडेला बाजाराची पिशवी घेतलेली एक बाई. एकमेकांशी कोणाचं काही नातं नाही, ओळख नाही. तिघंही रस्त्यावर गाडीला हात दाखवत उभी होती, एवढंच सारखं. पेपरवाले "ओल्या फडक्याचा खुनी" म्हणतात. तिघांना मारणारा एकच, असं सगळे धरून चालले ते त्या फडक्यामुळे.

खांबला मी गेले होते. भर दुपार, आजूबाजूची माती भाजलेली. म्हातारा दोन दिवसांपूर्वीच गेला होता, त्यात शंका नव्हती. अंगावरचे कपडे वाळून कडक झाले होते आणि तोंडावरचं फडकं मात्र ओलं होतं. निथळत होतं, ताई. आमचा फोटोग्राफर प्रवीण मागे सरकला आणि म्हणाला, "कोणीतरी सकाळी इथं येऊन गेलंय." सगळ्यांनी एकदा झाडीकडे बघितलं.

मी खाली बसले. फडकं जुन्या धोतराचं, मऊ. कडा मानेखाली खोचलेल्या. आणि समोर, नाकाच्या वर, कापडाची चिमूट काढून उभी घडी केलेली. जणू खाली काहीतरी नाजूक आहे आणि कापड त्याला चिकटायला नको.

मी "कापड ओले, समोर उभी घडी" असं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. माझा हात स्थिर होता. मी लक्ष ठेवलं होतं.

माणसाला सोंड नसते.

शाडूची कच्ची मूर्ती संध्याकाळी झाकताना सोंडेपाशी कापड उचलून घडी घालतात, नाहीतर ओलं कापड सोंडेला धरतं आणि सकाळी सोंड कापडाबरोबर निघून येते. हे आपल्याकडे कोणी शिकवत नाही. हात आपोआप करतो. पण पेणमध्ये कारखाने शेकड्यांनी आहेत आणि संध्याकाळी झाकायला तेवढ्याच बायका. मी स्वतःला तेच सांगितलं. कालव्याजवळच्या बाईच्या तोंडावरही तशीच घडी होती, तेव्हाही तेच सांगितलं.

मग मातीचे नमुने कमी पडले म्हणून आम्ही परत खांबला गेलो. तिथे नदीकाठच्या वाडीतली मंगळी म्हणून एक बाई खेकडे धरत होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू पण पोलीस काय गो? मग तुमच्या त्या हवालदाराला सांग, त्यानी खोटा लिवलान."

मी विचारलं, काय खोटं?

"म्हाताऱ्याजवळ एक बाई बसली व्हती सकाळची. बाटलीतला पाणी वतीत व्हती त्याच्या तोंडावर. मना वाटला घरचीच हाय, म्हातारा पिऊन पडलाय. मी बोलले, कोणाला निजवतंस गो? ती बोलली, नीज रे राजा, अजून डोळे यायचे हायत तुला. मी तसाच सांगितला. तुमच्या हवालदारानी लिवला, डोळे आलेत. मी बोलले, आलेत नाय रे बाबा, यायचे हायत. तर मना बोलतो, म्हातारे, तुझं व्याकरण ऱ्हाऊ दे, तेच ते!"

प्रवीण हसला. मला हसू आलं नाही. त्या एका शब्दावर आमचे लोक आठवडाभर पेण आणि रोह्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फिरले. कोणाच्या म्हाताऱ्याचे डोळे आले होते, लाल झाले होते, औषध कोणी नेलं, याची चौकशी करत. मंगळीने ऐकलं होतं तेच बरोबर होतं. ज्या मूर्तीच्या डोळ्यांची आखणी अजून व्हायची आहे, तिला आपल्याकडे असं म्हणतात. आणि अंगाई म्हटल्यासारखं, मूर्तीच्या गालावर हात ठेवून, ते फक्त आई म्हणायची. आईनंतर तू. मला कधी जमलं नाही, मला लाज वाटायची.

मंगळीला मी विचारलं, बाई कशी होती. ती म्हणाली, "बारीक. उजवा हात धरून व्हती, असा. बाटलीचा बूच दातांनी उघडलान."

त्यानंतर एक अख्खा दिवस मला वाटत होतं की हे तूच केलंस. ते लिहून टाकते, कारण हे तुला कोणीतरी सांगेलच, आणि ते माझ्याकडून कळलेलं बरं.

मग मी मोजलं. गळ्यावरचे अंगठ्यांचे वण, त्यांच्यातलं अंतर, दाब. तुझं उजवं मनगट लग्नानंतरच्या वर्षी मोडलं. न्हाणीत घसरले, असं तू म्हणालीस. तेव्हापासून तुला कापड पिळता येत नाही. फडकी निथळत होती ती म्हणून. ते हात तुझे नाहीत. मारणारा वेगळा आणि झाकणारी वेगळी. आम्ही सगळे एकाच माणसाला शोधत होतो.

मूर्तींचा माल घेऊन टेम्पो गडब, नागोठणे, कोलाड, रोहा असा जातो. मागे ताडपत्रीत मूर्ती धरून तू बसतेस. येताना टेम्पो रिकामा असतो. रस्त्यावर कोणी हात दाखवला तर जितेश थांबतो. माणूस चांगला आहे, फुकट सोडतो, असं तूच मला दिवाळीत कौतुकाने सांगितलं होतंस.

तू काय बघितलंस, किती बघितलंस, तुला उतरू दिलं की तू उतरलीस, हे मला माहीत नाही. मी तुझ्या वतीने काहीही धरून चाललेली नाही. एक गोष्ट मात्र मला कळत नाही आणि ती मला झोपू देत नाही. तू एसटीने परत गेलीस. उन्हात, बाटली घेऊन, त्याला कळलं तर काय होईल हे माहीत असून. फडकं ओलं ठेवायला. आपल्याकडे ओलं फडकं म्हणजे काम सोडून दिलेलं नाही, कोणीतरी परत येणार आहे. ताई, तू कोणाची वाट बघत होतीस? मला वाटतं, माझी. मंगळीपाशी तू तोंडही लपवलं नाहीस. पण हे मत झालं, आणि मत देणं माझं काम नाही.

शुक्रवारी मी आमच्या मॅडमना सगळं सांगितलं. घडी, शब्द, मनगट, आणि तुझं नाव. त्यांनी मला लगेच या केसमधून काढलं. तसंच करायला हवं होतं. त्यांनी विचारलं, "बहिणीला सांगितलं तर ती नवऱ्याला सांगेल का?" मी म्हटलं, सांगता येत नाही. खोटं बोलले नाही. म्हणून हे पत्र आज लिहिलं तरी तुला उद्याच मिळेल.

काल वरसेहून एका माणसाने शाडूच्या एका मूर्तीचा नमुना मागवला, सोमवारी सकाळी हवा म्हणून. तो माणूस गिऱ्हाईक नाही, पोलीस आहे. मूर्ती छोटी सांगितली, खोक्यात बसेल एवढी, धरायला मागे कोणी लागणार नाही अशी. ती अट मी सुचवली. तू टेम्पोत नसावीस म्हणून.

तू हे वाचत असशील तेव्हा जितेश रोह्याला पोहोचला असेल. आता तो परत येणार नाही. तू त्याला फोन करू शकणार नाहीस, कारण फोन त्याच्याच खिशात आहे. याचा मला पहिल्यांदाच आधार वाटतो.

कारखान्याच्या दारात दोन बायका येतील, साध्या साडीत. त्या पोलीस आहेत. त्या ओरडणार नाहीत, तसं मी मॅडमकडून वचन घेतलं आहे. त्या विचारतील ते सांग. जे बघितलं तेवढंच सांग. त्याला वाचवायला काही घालू नकोस, स्वतःला वाचवायला काही गाळू नकोस. तुला काय होईल ते मला आज सांगता येत नाही. तुला साक्षीदार म्हणतील की आणखी काही, हे तू बोलल्यावर ठरेल. माझ्यामुळे हे तुझ्या दारात आलं, यासाठी तू माझ्याशी बोलणं टाकलंस तरी मी येत राहीन.

केसमधून काढल्यामुळे मला उद्या ड्यूटी नाही. त्यामुळे मला तिथे बहीण म्हणून उभं राहता येईल, आणि त्याला मॅडमची हरकत नाही.

दार उघड.

त्या दोघींच्या मागे उभी असलेली,
तुझी
प्रणिता