तुझ्या हातची तेरा अंडी

आये, काल माझी कोंबडी उठली. तेरातली अकरा पिल्लं निघाली. इथं कराडात घरामागं जेमतेम दोन खाटांएवढी जागा, तिथं सुनेच्या हौसेनं या वर्षी कोंबड्या पाळल्या आणि त्यातली काळी खुडूक होऊन अंड्यांवर बसायला लागली. एकवीस दिवस तिची बाळंतिणीसारखी उस्तवार केली. दुपारी अंड्यांच्या पाटीवरनं उतरवायची, कण्या आणि पाणी पुढं ठेवायचं, अंडी गार व्हायच्या आत परत बसवायची. मेली रोज बोटाला चोच मारायची. "आवं आत्या, सोताच्या जेवणाचं बगा की जरा," असं म्हणून सून हसायची. हे सगळं तुझं बघूनच शिकले, पण साठी जवळ आली तरी स्वतः कोंबडी बसवायची छाती झाली नव्हती. का, ते तुला सांगायचंय.

उंब्रजजवळच्या आपल्या गावात कुणाचीही कोंबडी खुडूक झाली की बायका तुला बोलवायला यायच्या. "वैनी, तुमीच ठिवा अंडी, तुमच्या हाताला गुन हाय." तू ठेवलेलं अंडं वाया जात नाही, असं सगळी आळी म्हणायची, आणि तुला त्याचा केवढा तोरा! मग आण्णा गेले, तुझं कुंकू गेलं आणि त्या बायका यायच्या थांबल्या. तोंडावर कुणी काही बोललं नाही, नुसत्या दारावरनं पुढं जायच्या. वर्षभरानं आपली तांबडी खुडूक झाली तेव्हा तू म्हणालीस, "बगू तरी, माज्या हातात अजून काय हाय का न्हाई."

कोंबडा वरच्या आळीच्या मावशीकडं होता, म्हणून अंडी आणायला मला तिच्याकडं पाठवलंस. "नीट आण गं. वढ्यातनं उड्या मारत येऊ नगंस." मी उड्या मारतच आले. परकराच्या ओच्यात तेरा अंडी, आणि मी त्यांच्यावरच पालथी. एकही वाचलं नाही. घरी यायची हिंमत होईना. जत्रेला मिळालेले पैसे होते, ते घेऊन फाट्यावरच्या दुकानात गेले आणि पोल्ट्रीची तेरा अंडी घेतली, त्यातल्या त्यात बारकी निवडून. ती पांढरीफटक. तो दुकानदार हायवेवरच्या गाडीवाल्यांना गावरान म्हणून विकायला अंडी चहाच्या पाण्यात बुडवायचा. मला पण तशीच रंगवून द्या म्हटलं, त्यानं हसत हसत दिली. अंडं म्हणजे अंडं, कोंबडी बसली की पिल्लू निघतं, एवढीच माझी अक्कल.

दिवेलागणीची वेळ आहे. तू हात धुतेस, पदर खोचतेस, पाटीत पेंढा पसरतेस, नजर लागू नये म्हणून त्यात कोळशाचा तुकडा ठेवतेस. मग एकेक अंडं दोन्ही हातांनी ठेवतेस. तुझे ओठ हलत असतात. बसल्या कोंबडीची अंडी चाळवू नयेत हा तुझा नेम, त्यामुळं पुन्हा तू ती हातात घेऊन बघितलीही नाहीस. एकविसावा दिवस गेला. तू पाटीला कान लावून बसायचीस. पंचविसाव्या दिवशी एक अंडं फोडलंस आणि वासानं तोंड फिरवलंस. तांबडी तरीही उठेना. "ऊठ बाई," तू तिला म्हणालीस, "तुजी काय चूक न्हाई. माजाच हात गेला."

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "आगं येडे, मशिनीतली अंडी ती. त्यास्नी कोंबडा कुठला?" घरी पळत आले, तुला सांगायलाच. पण तू चुलीपुढं बसली होतीस, शेजारी मला बडवायची फुंकणी पडलेली, आणि मला फक्त ती फुंकणी दिसली.

पुढं दोन वर्षांनी शेजारची काकू आपणहून आली. "वैनी, झालं गेलं सोडा. माज्या मेलीची दर बारीला निम्मी अंडी वाया जात्यात. तुमी ठिवा." तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस. "नगं बाई, कशाला तुजं नुकसान." मी उंबऱ्यातच उभी होते, आये. एक शब्द बोलले असते तर ते हात बाहेर आले असते. त्यानंतर आपली कोंबडी खुडूक झाली की तू तिला पाण्यात बुचकळून उठवायचीस. मरेपर्यंत एकही बसवली नाहीस.

हा कागद कुठं जायचा नाही, म्हणून तर एवढं लिहिता आलं. काल पिल्लं मोजताना सुनेनं विचारलं, "आत्या, तुमच्या आईस्नी पण असंच जमायचं का वो?" आता खरं सांगणं किती सोपं होतं. तू नाहीस, ती फुंकणी नाही, मला मारायला कुणी उरलेलं नाही. आणि मी काय म्हणाले, ऐक. म्हणाले, "न्हाई गं बाई. तिच्या हाताला गुन न्हवता."