सिगारेट आणि मिश्री

भोर, ९ जानेवारी २०२५

ती. ठकुआत्यास,
नूतनचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. मोबाईलवर बोलायचं तर हनुमंतदादा स्पीकर लावून तुझ्या शेजारी बसतो, म्हणून लिहिते. परवा तो माझ्या खोलीवर आला, त्याला सिगारेटचं पाकीट दिसलं. आतापर्यंत घरात सगळ्यांना कळलं असेल. खरं आहे ते. पुण्यात कंपनीत होते तेव्हापासून ओढते. दादा म्हणाला, एकटी राहून बिघडलीस, खोली सोड, घरी चल. हे सांगताना तो तळहातावर तंबाखू मळत होता.

सिगारेट मी सोडणार आहे, पण त्याच्या सांगण्यावरून नाही. मी आता कुणाच्या नोकरीत नाही. घरी बसून पुस्तकं वाचते, तो आवाज लोक मोबाईलवर ऐकतात. गेल्या महिन्यात प्रकाशकांनी दोन प्रकरणं परत पाठवली. दोन वाक्यांच्या मध्ये माझी धाप ऐकू येते म्हणे. शिवाय थोडी पानं वाचली की गच्चीवर पळायचं, खाली येऊन घसा खाकरत बसायचं, यात दिवस जातो. आवाज गेला तर मला दादाच्या दारात यावं लागेल. ते मला नको आहे. एवढं कारण पुरे.

लोभ आहे तेवढा राहू दे. रागवायचं ते पत्रातच रागव.
तुझी,
नूतन


गुंजवणे, १७ जानेवारी

चि. नूतन हीस,
ठकुआत्याचे पोटभर आशीर्वाद.

घरात लई बोलणं झालं. हनुमंत म्हणतो, जाऊन घेऊन येतो तिला. तुजा बाप उठून गोठ्यात गेला. म्या हनुमंताला सांगितलं, ती तिच्या कमाईवर ऱ्हाती, वडून आणायला ती काय शेरडू न्हाई. पर तुला बी सांगते, बाईमाणसानं धूर काडावा हे मला पटत न्हाई. तुजी आई गेल्यावर म्या तुला वाडवली, लोक मलाच इचारत्यात. दिवाळीत तुज्या ओढणीला वास येत हुता, तवा वाटलं एस.टी.त कुणी बिडी वडली असंल.

दूध घेऊन भोरला येणाऱ्या मानसिंगच्या टेम्पोतनं आवळकाठी धाडली हाय. तलफ आली की तोंडात टाक. लोणचं बी हाय, पर म्या ते चाखलं न्हाई. दसऱ्यापास्नं तिखट सोसत न्हाई, गालाला आतनं आग हुती.

जीव लाव तसा जीवाला जप.
तुजी आत्या


भोर, २६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आवळकाठी संपत आली, यावरून तलफ किती येते ते समज. डोकं जड असतं, घरमालकिणीशी विनाकारण भांडले. एकदा हरले, कोपऱ्यावरच्या टपरीवर जाऊन एक ओढली. दुसऱ्या दिवशी परत सोडली. कितीदा हरले तरी परत सोडेन.

पण आता माझी पाळी. गालाला आग का होते? तू पोरवयापासून मिश्री लावतेस. तव्यावर तंबाखू भाजून काळी करायची आणि हिरड्यांना घासायची, ती तंबाखू नाही तर काय आहे? मी ओढली की बिघडले, आणि तुमच्या आळीतल्या सगळ्या बायका सकाळ-संध्याकाळ बोट घालतात ते दातांसाठी? आधी तोंड दाखवून ये. तोवर बाईमाणसाचं मला सांगू नकोस.

रागाने लिहिलंय, मायेनेच वाच.
नूतन


गुंजवणे, ८ फेब्रुवारी

चि. नूतन हीस, आशीर्वाद.

तुजं पत्र वाचून चार दिस तुजं नाव घेतलं न्हाई. माजी आई लावायची, सासू लावायची, आन तू मला शिकवती. मग आरशापुढं ब्याटरी धरून बगितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा हाय, खरबरीत. हनुमंताला म्हणलं दवाखान्यात ने. त्यो म्हणला, जत्रा हू दे, मग बगू. मला थांबायचं न्हवतं. एकटीच एस.टी.नं वेल्ह्याला गेले. डाक्टरीणबाई म्हणल्या पुण्याला जावा, तुकडा काडून तपासत्यात. मिश्री आजच्या आज बंद करा म्हणल्या. डबी तिथंच त्यांच्या टेबलावर ठिवून आले.

मला भ्या वाटतं, पोरी. पुण्याला तू संगं ये.
आत्या


भोर, ३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आपण पुण्याला जाऊन तुकडा दिला, त्या तपासणीचा निकाल आज माझ्या मोबाईलवर आला, तो घेऊन डॉक्टरांना भेटले. कॅन्सर नाही. पण मिश्री परत सुरू झाली तर त्या चट्ट्याचा होऊ शकतो, म्हणून दर तीन महिन्यांनी दाखवायचं. बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवरच बसले आणि रडले. सिगारेटची आठवण झाली, उठले नाही.

परत आलेली दोन्ही प्रकरणं नव्याने वाचून पाठवली. प्रकाशकांनी ठेवून घेतली आणि पुढचं पुस्तकही दिलं. दादाला सांग, खोली सोडत नाही.

माया पातळ करू नकोस.
नूतन


गुंजवणे, १४ मार्च

चि. नूतन हीस, उदंड आशीर्वाद.

तुजं पत्र तुज्या बापाला वाचून दाखवलं. ते उठून परड्यात गेले, डोळं पुसून आले.

काल शेजारच्या बनाबाईच्या नातवाचं बारसं झालं. पाळणा झाल्यावर बायकांत मिश्रीची डबी फिरली. म्या नगं म्हणलं, तर बनाबाई हसली, म्हणली भाचीपाई ठकू शहरातली झाली. मला लाज न्हाई वाटली, राग आला. ब्याटरी मागितली, तोंड आऽ करून समद्यास्नी चट्टा दाखवला. कुणी हसलं न्हाई. मग बनाबाईच पुढं सरकली, म्हणली, माज्या बी तोंडात बग गं. तिला चट्टा हाय. आनखी दोघींना हाय.

सोमवारच्या एस.टी.नं आमी चौघी वेल्ह्याला चाललो. हनुमंतानं इचारलं, कुणाला इचारून चाललाय? म्या त्याला सांगितलं, "तोंड आमचं हाय."

हाय तशीच ताठ ऱ्हा.
तुजी,
ठकुआत्या