केसपेपरवरचं नाव

सोमवार, ७ एप्रिल

नाशिकरोडला पोचलो, खोली मिळाली आणि मुख्य म्हणजे औषध मिळालं. मन इतकं हलकं झालंय की कंपनीने टूरमध्ये फुकट वाटलेली ही डायरीसुद्धा उघडली. मागच्या पानांवर फवारणीचं वेळापत्रक छापलंय, पुढची सगळी कोरी. कुणाशी तरी बोलायला हवंच, मग हिच्याशीच.

झालं ते लिहूनच टाकतो. चांदवडला माझं कृषी सेवा केंद्र आहे. भरपूर माल खपवला म्हणून कंपनी आम्हा दुकानदारांना थायलंडला घेऊन गेली. शनिवारी सगळ्यांबरोबर मीही नको तिथे गेलो आणि निरोध फाटला. ती मुलगी घाबरून काहीतरी सांगत होती. भाषा कळली नाही, चेहरा कळला. हॉटेलवर येऊन फोनवर वाचत बसलो. एचआयव्हीचा धोका वाटला तर बहात्तर तासांच्या आत गोळ्या सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं. पाऊस पडून गेला की डाऊनी रोगावर किती तासांत फवारायचं, हे मी द्राक्षवाल्यांना रोज घसा फोडून सांगतो. तास मोजणं मला नवीन नाही.

मुंबईला उतरलो, बाकीच्यांना कटवलं आणि थेट इथल्या सरकारी दवाखान्यात आलो. अडतिसावा तास चालू होता. समुपदेशन करणाऱ्या भाग्यश्री मॅडमनी कपाळाला एक आठी घातली नाही. म्हणाल्या, विमानाची वाट कशाला पाहिलीत, तिथल्याच कुठल्याही दवाखान्यात लगेच जायचं. पण अजून वेळेत आहात. रक्त तपासलं, रिपोर्ट स्वच्छ आला. तो मागचा हिशेब झाला, म्हणाल्या, शनिवारचं यात दिसणार नाही. अठ्ठावीस दिवस रोज एक गोळी, ठरल्या वेळी, एकही चुकवायची नाही. सहा आठवड्यांनी परत तपासणी, तीन महिन्यांनी परत. तोवर रक्तदान नाही आणि बायकोच्या बाबतीत जपायचं. गोळ्या सांडल्या, हरवल्या, काहीही झालं तरी इकडेच यायचं, लाजायचं नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं. बाटलीत तीस गोळ्या. पहिली त्यांच्यासमोरच घेतली, दुपारी बारा वाजता. उरल्या एकोणतीस. म्हणजे दोन जास्तीच्याच.

वैष्णवीला फोन करून सांगितलं की परवान्यासाठीचा कोर्स आहे, महिनाभर नाशिकलाच राहावं लागेल. ती लगेच हो म्हणाली. चौथा महिना आहे तिला. घरी राहून तिच्यापासून लांब का झोपतो, याचं उत्तर मला देता आलं नसतं. महिन्याचा तर प्रश्न आहे, निघून जाईल.

मंगळवार, ८ एप्रिल

खोली झकास आहे. जिना बाहेरून, खिडकीतून नोटांच्या प्रेसच्या वसाहतीतली चिंचेची झाडं दिसतात, स्टेशनवरची घोषणा ऐकू येते. खाली मालकीणबाई जैतुनबी एकट्याच राहतात. त्यांचा नवरा प्रेसमधून रिटायर झाला होता, दोन वर्षांपूर्वी गेला. बाई बोलक्या आहेत. येता-जाता चहा देतात आणि चहाबरोबर चौकशाही.

गोळीने जरा मळमळतं, स्वप्नं फार पडतात. मॅडमनी हे आधीच सांगितलं होतं. बाकी ठीक.

एक गोष्ट काल लिहिली नाही. केसपेपरच्या खिडकीवर नाव विचारलं तेव्हा मी माझं, शेखर, असं सांगितलंच नाही. मागे रांग होती, त्यात कुणी चांदवडकडचा निघाला तर? तोंडातून निघून गेलं, मनोज. वय अडतीस. बाटलीच्या पाकिटावर तेच नाव पडलं, म्हणून जैतुनबींनाही तेच सांगून टाकलं. आता या गल्लीत मी मनोजभैया आहे.

मनोज कुणी काल्पनिक माणूस नाही. माझ्या शेजारचं दुकान त्याचं. तीन वर्षांपूर्वी आम्ही अशाच टूरवर गेलो होतो आणि त्याचंही असंच काहीतरी झालं होतं. परत येताना कसाऱ्याच्या घाटात, गाडीत, त्याने मला हळूच विचारलं, डॉक्टरकडे जाऊ का. मी हसलो होतो. म्हणालो, गप्प बस, काही होत नसतं, बाजारात बोभाटा होईल. सल्ला देणं हा माझा धंदाच आहे. तो गप्प बसला. नंतर ताप यायला लागले तरीही तपासायला गेला नाही, कारण मी सांगितलं होतं. गेल्या वर्षी वारला. लोकांना कावीळ म्हणून सांगितलं. भाग्यश्री मॅडम काल म्हणत होत्या, गोळ्या नीट घेणारे त्यांचे पेशंट वीस-वीस वर्षं ठणठणीत आहेत, नातवंडं खेळवतात. मला ते ऐकवेना.

त्याची बायको निफाडला माहेरी असते. ती कशी आहे, हे मी कधी विचारलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

बारा वाजता गोळी घेतली. सहज म्हणून बाटली ओतून मोजली. सव्वीस उरायला हव्यात, पंचवीस आहेत. दोनदा मोजल्या. सोमवारी मोजण्यात गफलत झाली असेल. दोन जास्तीच्या आहेतच, त्यातली एक गेली.

खिडकीत पाण्याचा पेला उपडा घातलेला होता. धुतलेला. मी पेला कधी धुवून ठेवत नाही, वैष्णवी त्यावरून रोज बोलते. जैतुनबी वर येऊन गेल्या असतील.

शनिवार, १२ एप्रिल

एकवीस. हव्या होत्या चोवीस.

आता गफलत म्हणता येणार नाही. काल पत्र्याचा डबा विकत आणला, बाटली त्यात ठेवून कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. तरी आज एक कमी. जैतुनबींना आडून विचारलं. त्यांच्याने जिना चढवत नाही, दोन वर्षांत त्या वर आलेल्या नाहीत.

पेला आजही उपडा. आता आठवलं. मनोज दुकानात पाणी प्यायला की पेला विसळून खिडकीत उपडा घालायचा. मी त्याला चिडवायचो, दुकान चालवतोस की मंदिर.

मला भीती वाटते आहे. भर दुपारी, रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट चालू असताना वाटते आहे. कुणीतरी बारा वाजता माझ्याबरोबर गोळी घेतं. व्यवस्थित घेतं, एकच घेतं, चुकवत नाही. आणि पाकीट उलटून नाव वाचलं की वाटतं, त्याची तक्रार तरी काय करायची? नाव त्याचंच आहे.

संध्याकाळी वैष्णवीला फोन केला. ती हसून म्हणाली, अहो, दुपारी तर अर्धा तास बोललात, आता परत काय. मी दुपारी फोन केला नव्हता. तिने सांगितलं की आज मी फार छान बोललो. बाळाबद्दल विचारलं. मी एरवी विचारत नाही म्हणे.

सोमवार, १४ एप्रिल

सतरा. रोज दोन जातात. या हिशेबाने आठ-नऊ दिवसांत बाटली संपेल आणि माझे अकरा-बारा दिवस बाकीच असतील. मग इतके दिवस घेतलेल्याचा काय उपयोग? मला घरी जायचंय. धडधाकट जायचंय, तिच्याजवळ बसायचंय, बाळ होईल तेव्हा ते हातात घेताना मनात शंका नकोय. एवढंच मागणं आहे.

दवाखान्यात गेलो तर बंद. जयंतीची सुट्टी, हे डोक्यातच नव्हतं. रस्ताभर निळे झेंडे, ढोल, नवे कपडे घातलेली पोरं. मी गर्दीत उभा राहिलो, तेवढाच जीव थाऱ्यावर आला.

परत आलो तर जैतुनबी दारात. म्हणाल्या, तुमचा दोस्त येऊन गेला. भला माणूस आहे, बारीक झालाय बिचारा, पायरीवर बसून पाणी प्यायला. पेला स्वतः धुवून दिला. मी नाव विचारलं. त्यांनी आठवून सांगितलं,

"शेखर बोला. चांदवडचा शेखर."

मंगळवार, १५ एप्रिल

सकाळीच गेलो. मॅडमना म्हणालो, गोळ्या हरवल्या. मला वाटलं होतं, ओरडतील, सतरा प्रश्न विचारतील. काही नाही. नवीन बाटली दिली, पुन्हा तीस गोळ्यांची; आजची त्यातलीच घेतली, उरल्या एकोणतीस. इतकं सोपं होतं. सगळंच इतकं सोपं होतं, तीन वर्षांपूर्वीही.

मग त्यांनी केसपेपर समोर धरला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. बहुतेक ओळखलं असावं. खोटं नाव सांगणारा मी काही पहिला नसेन.

"नाव बरोबर आहे ना? चुकलं असेल तर आत्ता बदलू, कुणी विचारणार नाही. आणि घरी सांगितलंय का?"

सांगणार होतो. माझं नाव ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दार उघडून मागून कुणीतरी आत आलं, कोण ते मी वळून पाहिलं नाही.

मी हो म्हणालो. दोन्हीला.

बुधवार, १६ एप्रिल

बारा वाजता घड्याळ समोर ठेवून बसलो. माझी गोळी घेतली. मोजल्या. अठ्ठावीस. बरोबर अठ्ठावीस.

पेला होता तसाच, उष्टा. आला नाही. मी मोठ्याने रडलो. सुटलो, वाटलं.

तीन वाजता खिशातलं पाकीट तपासलं. आधार कार्ड नाही. घराच्या किल्ल्या नाहीत. फोन उशाशी होता, तोही नाही. बाकी सगळं जागच्या जागी.

त्याला गोळ्या नकोच आहेत. त्याची गोळीची वेळ तीन वर्षांपूर्वीच टळून गेली, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी त्याचं नाव घेतलं. मग तो काय घेणार —

अंगात ताप आहे. आरशात बघवत नाही. गाल बसलेत.

गुरुवार, १७ एप्रिल

सव्वाअकरा. जैतुनबींचा फोन मागून आणला. वैष्णवीने पहिल्याच रिंगला उचलला. मी काही बोलायच्या आत तीच बोलली, आवाजात हसू होतं. हे सकाळच्या गाडीने आलेत, कोर्स लवकर संपला, जेवायला बसतायत, तुम्ही कोण, काही निरोप आहे का. मी फोन ठेवून दिला.

तिच्या पोटात —

मनोज कशाने गेला, हे तिला माहीत नाही. मी कुठे आहे आणि का आहे, हेही नाही. तिला फक्त एवढंच माहीत की नवरा घरी आलाय आणि कधी नव्हे तो प्रेमाने बोलतोय.

एसटीने गेलो तर दोन तास. तोवर —

सांगायचं. सगळं. शनिवारपासून नाही, घाटातल्या त्या गाडीपासून. ती शिव्या देईल, माहेरी जाईल, गावभर होईल, होऊ दे. दार उघडून बाहेर पळ, म्हणायचं, शेजारी जा, तो मी नाही. आधी माझं नाव सांगायचं. केसपेपरवर सांगितलं असतं तर —

एका हाताने लावतोय, दुसऱ्याने लिहितोय. लिहीत राहिलो की धीर राहतो.

वाजतोय.

उचलला. मागे नळ चालू आहे. कुणीतरी पेला धुतंय.

विचारतेय, कोण बोलतंय.

मी शेखर. मी शेखर. लिहितोय तेच तोंडाने म्हणायचं. म्हणतो आता —

ती म्हणते, आवाज ओळखीचा वाटतोय, पण ते तर गेले ना —

नाही. मी तसं म्हणालो नव्हतो, वैष्णवी. मी वहिनी म्हणालो नव्हतो. मी फक्त माझं नाव सांगायला तोंड उघडलं आणि निघालं, वहिनी, मी मनो