डाव्या बाजूची दुरुस्ती

मोदेना, ३ मे १९८७

आदरणीय मेहुणेबुवा लेआर्को यांना नेव्हिओचा साष्टांग दंडवत (कंबर धरली आहे, म्हणून कागदावरच).

गुडघा काय म्हणतो? इकडे तुमच्या भगिनी इओलांदा ठणठणीत आहेत, आवाजासकट. बत्तीस वर्षांनी पत्र लिहायला निमित्तही तसंच घडलंय. आपली लाल गाडी सापडली! एका गोठ्यात, आत कोंबड्या अंडी घालत होत्या. आता ती एका दंतवैद्याने घेतली आणि डागडुजीला माझ्याकडे आणली.

आठवतं ना, आपल्या पत्राकामाच्या कारखान्याच्या मालकांनी फरशीवर खडूने गाडी काढली, तीही अर्धीच. "उरलेली अशीच," म्हणाले आणि जेवायला गेले. डावी बाजू तुम्ही ठोकलीत, उजवी मी. पत्र्याचा बाक ताडून पाहायला मालकांनी तारेचा साचाही दिला होता, पण मी तो खुंटीवर टांगला (देवाने डोळे कशाला दिलेत?). गाडी जोडली, तर पुढच्या चाकावरचा माझा फुगवटा तुमच्यापेक्षा दोन बोटं वर. तरी डोंगरातल्या शर्यतीत ती शेवटच्या वळणापर्यंत पहिली होती, मग थेट गवताच्या गंजीत शिरली. चालवणारा म्हणाला, ब्रेक लागला नाही. मी म्हणालो, चूक लेआर्कोच्या बाजूची. तुम्ही म्हणालात, नेव्हिओच्या. तेव्हापासून आपली बोलचाल बंद.

तर म्हटलं, आता मेहुण्याची चूक पोटात घालावी. तुमची बाजू ठोकून ठोकून माझ्याबरहुकूम दोन बोटं वर घेतली. गाडी अशी दिसायला लागली की इओलांदानेसुद्धा कौतुक केलं (एकदाच). मग जुन्या गाड्यांच्या मंडळाचे परीक्षक आले, खिशातून शर्यतीचा फोटो काढला आणि म्हणाले, "आजोबा, काम सुंदर आहे. पण ही ती गाडी नव्हे. तिच्या दोन बाजू जुळत नव्हत्या."

"अहो, ती चूक होती! मी सुधारली."

"मग ती चूक परत आणा. नाहीतर मी नकली म्हणून लिहिणार."

शिवाय पत्र्याखाली बोटं फिरवून म्हणतात, हातोड्याच्या खुणाही एकाच माणसाच्या आहेत!

तीन दिवस खपलो. तुमच्यासारखं ठोकायला जातो, पण पत्रा माझ्याच वळणावर जातो. एवढं वाकडं काम करायला जातिवंत हात लागतो, हे कबूल. आपण दोघांनी केलेल्या बाकी सगळ्या गाड्या भंगारात गेल्या, ही एकच उरली. हीही नकली ठरली, तर आपण दोघांनी एकाच लाकडी बुंध्यावर ठेवून पत्रा ठोकला होता हे कुणाला खरं वाटणार? मला फार वाईट वाटतंय, मेहुणेबुवा.

बाकी क्षेम.

आपला (पूर्वीइतकाच)
नेव्हिओ

ता. क. परीक्षक शनिवारी पुन्हा येणार आहेत. तुमचा तो नाशपतीच्या लाकडाचा हातोडा घेऊन गुरुवारपर्यंत यावं. तुम्ही येताय असं सांगून टाकल्यामुळे इओलांदा सारण भरून तोर्तेल्लिनी वळायला बसली आहे. नाही म्हणायचं असेल तर तिला कळवा, मला नको.

आणखी ता. क. आज सकाळी माळ्यावर मालकांचा तो तारेचा साचा सापडला. माझ्या बाजूवर धरून पाहिला. पत्रा बरोबर दोन बोटं वर. लेआर्को, तुझी बाजू बरोबर होती रे. मी आता दोन्ही चुकवून ठेवल्यात. ये लवकर. फक्त इओलांदासमोर, चूक तुझीच होती असं म्हण.