पत्त्यांचा कोहळा

४ सप्टेंबर, गुरुवार
पोचले एकदाची तंजावूरला! मिरजेहून निघताना रेवानं गळ्याला मिठी घातली ती सोडेचना. घट बसतील त्या दिवशी तिला सहावं वर्ष लागतंय. त्याच्या आत परत येते, असं कबूल करून आलेय. आईकडे ती मजेत राहील, कठीण माझंच आहे.

मेल राजवीथीच्या आतल्या गल्लीत एकोजीकाका आणि त्यांची बहीण विशालाक्षीअक्का राहतात. दोघांचं मराठी आपल्या पणजीच्या तोंडचं वाटावं असं, वर तमिळ हेल आणि मधूनमधून ‘सरि, सरि’. ऐकून गुदगुल्या होतात. काम काय, तर भविष्य सांगायचे टॅरोचे कोरे करकरीत पत्ते जुने दिसतील असे करायचे. सिरियलींसाठी मी ढीगभर पत्रं ‘म्हातारी’ केलीत. हा तर माझ्या हातचा मळ.

६ सप्टेंबर, शनिवार
पत्त्यांच्या नव्या जोडाला हात घातला. कॉफीचं पातळ डिकॉक्शन कापसाच्या बोळ्यानं लावायचं, पत्ते सावलीत वाळवायचे, पॉलिश पेपरनं चकाकी घालवायची, मग शंखजिरं लावून पिसत बसायचं. बोटं दुखतात, पण मजा येते.

काका म्हणाले, कागदाला येणारं वय कुणाचं तरी ओढून घेतलेलं असतं. म्हणून इथे प्रत्येक जोडामागे एक कोहळा. काकांच्या स्वतःच्या जोडाचा कोहळा दाराच्या चौकटीला काथ्यानं टांगलाय. चुन्याचे डोळे, काजळाच्या मिशा, आणि अंग सुरकुतून नारळाएवढं झालेलं. जोड पुरा झाला की अमावास्येला कोहळ्यात कुंकू भरून तो दारापुढच्या रस्त्यावर फोडतात. इकडे दुकानांवरही दृष्टीसाठी कोहळे टांगतात म्हणे. आपलं लिंबू-मिरचीत भागतं, इथली दृष्टच थोराड दिसते!

८ सप्टेंबर, सोमवार
दोघं श्राद्धाला पापनाशमला गेलीत. घर माझं! इडली-सांबारानं जीव विटला होता. कामाच्या खोलीत माझ्या पत्त्यांशेजारी चौरंगावर एक गोंडस कोहळा होता. डोळे-मिशा काही नाही, म्हणजे स्वयंपाकाचाच. किसला, साजूक तूप, साखर, वेलदोडा, आणि झक्कास कोहळेपाक केला. लोक आवळा देऊन कोहळा काढतात, मी आवळाही दिला नाही. जवळजवळ सगळा खाल्ला. दोघांसाठी वाटीभर झाकून ठेवलाय.

९ सप्टेंबर, मंगळवार
अक्कांनी आल्या आल्या कोहळा कुठे म्हणून विचारलं. मी हौसेनं वाटी पुढे केली. त्यांनी ती हातात न घेता काकांना हाक मारली. तो मी करतेय त्या जोडाचा होता, अमृतवेळ बघून त्याला चुन्याचे डोळे काढायचे राहिले होते. मी दहादा माफी मागितली, बाजारातून दुसरा आणते म्हटलं. काका रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, सुरू झालेला जोड मधे थांबत नाही आणि कोहळा बदलता येत नाही. एवढंच सांगितलं की काम पुरं होईतो उंबरा ओलांडू नको.
भाबडी माणसं. पण वाटी कुणी खाल्ली नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
पत्ते अप्रतिम होताहेत. दोन दिवस मी त्यांना हात लावला नाही, तरी कडा आपोआप मऊ झाल्या. माझ्या हातांची कातडी मात्र चुरगळलीय. डिकॉक्शनमुळे असेल. भांगात पांढरे केस दिसले. पाणी बदललं की होतं असं, आई म्हणते.

१४ सप्टेंबर, रविवार
फोन माझा चेहरा ओळखत नाही. आकडे टाकून उघडावा लागला. मग आरशात बघितलं. घाबरलेय. लपवण्यात काय अर्थ आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार
बॅग भरली आणि निघाले. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकलं तोच गळ्याला फास बसला. काही दिसत नाही, पण काथ्याची चरचर कळत होती. समोर रिक्षावाला थांबला होता, त्याला हाक मारवेना. अक्कांनी आत ओढलं, तेव्हा कुठे श्वास आला. गळ्याभोवती लाल वळ उमटलाय. त्या तेल लावत होत्या आणि रडत होत्या.

१७ सप्टेंबर, बुधवार
रेवाचा व्हिडिओ कॉल. तिनं मला बघितलं आणि माझ्या आईला विचारलं, ही कुठली आजी, आई कुठंय?
मी फोन बंद केला. आई पुन्हा पुन्हा लावतेय. काय सांगू?

१८ सप्टेंबर
पत्ते लपवले. भिजवले. फाडायला गेले तर बोटांत जोर नाही. भिजल्यानं उलट आणखी जुने, आणखी सुंदर—
काका जोड उजेडात धरून बघतात. आता थोडंच राहिलं म्हणाले. माझ्याकडे न बघता.

२० सप्टेंबर
उभं राहता येत नाही. मी लहान झालेय. अक्कांनी उचलून चौकटीपाशी बसवलं, एका हातानं. शिरा भरवला. मी विनवलं, मला मिरजेला न्या, नुसतं रेवाजवळ ठेवा. त्या म्हणाल्या, जोड पुरा झाला गं—

२१ सप्टेंबर, अमावास्या
रस्ता झाडला. पाणी शिंपडलं. काका शेजाऱ्यांना दुचाक्या बाजूला घ्यायला सांगताहेत.

चौकटीचा कोहळा आधी. आवाज आला. लाल लाल—

अक्का चुना घेऊन आल्यात. डोळे मिट म्हणाल्या. पापण्यांवर गार. आता काजळ, ओठांवर—

कापूर पेटवला. उंबरा ओलांडताना फास बसला नाही.

रेवा, उद्या घट, मी त्याच्या आत ये—