कुरकुरलं की तेल

सातपूर कॉलनी, नाशिक

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा, गोरक्षचा साष्टांग नमस्कार (वाकलं की धाप लागते, म्हणून उभ्यानंच घातला आहे). तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि इगतपुरीचा पाऊस हे तिन्ही आटोक्यात असतील. सूनबाई आणि बाळ खुशाल असतील. बाळाला रोज तूच न्हाऊ घालतेस हे कळलं.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो. उन्हाळ्यापासून मी खोकतोय. तू दर दिवाळीला देतेस ते कापराचं तेल मी झोपताना नाकात सोडतो आणि वर निलगिरीचं मलम चोपडतो, हे तुला ठाऊक आहेच. माझा जन्म गेला कारखान्यात. कुरकुरलं की तेल, एवढीच विद्या. त्यामुळे खोकला वाढला तसं मी तेल वाढवलं. शेजारचा गोटीराम (हाही आमच्याच कारखान्यातला, म्हणजे विद्या तीच) म्हणाला, "थेंबानं काय होतं दादा, चांगलं चमचाभर जाऊ द्या." गेलं. मग ताप आला. डॉक्टरांनी न्यूमोनिया म्हणून गोळ्या दिल्या. त्या लागू पडाव्यात म्हणून तेल चालूच ठेवलं.

शेवटी छातीचा स्कॅन झाला. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नाकात काही घालता का? मी अभिमानानं सगळी पद्धत सांगितली, तुझं नावही घेतलं. त्यांनी स्कॅन पुन्हा उजेडात धरून पाहिला. मग म्हणाल्या, तेल श्वासाबरोबर उतरून फुप्फुसात साठलंय, फुप्फुसाला ते पचवता येत नाही, आणि स्कॅनमध्ये ते चरबीसारखं दिसतं. छाया एवढंच म्हणाली, की यांच्या अंगात चरबी आहे हे मी लग्नापासून सांगतेय, आता फोटो निघाला. तेल बंद केल्यापासून बरं आहे. जिन्यात मात्र मध्येच बसावं लागतं. तुझ्यावर राग नाही. तू मायेनं दिलंस, मी हावरटासारखं ओढलं.

तुझा,
गोरक्ष

ता. क. नवी बाटली पोचली. छाया कंबरेला चोळते, गुण आहे म्हणते.

आणखी ता. क. आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाळाची टाळू भर, अंग चोळ, पण नाकात थेंबही सोडू नकोस. सूनबाई तुला हे सांगू धजणार नाही. मलाही तू तसंच न्हाऊ घातलंस, हे खरं, तरी ऐक. तेल खाली उतरताना साधा ठसकासुद्धा लागत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परवा तू कौतुकानं सांगितलंस, की नाकात तेल सोडताना आमचं बाळ हूं की चूं करत नाही. अक्का, तेव्हापासून मला झोप नाही.