सारखे वाढलेले केस

रविवार, संध्याकाळ

बाबा गेल्यावर मुंडन केलं, त्यानंतर आज पहिल्यांदा आमच्या कॅम्प-१ वस्तीतल्या सलूनात गेलो. नेहमीचाच टेक्स्चर कट सांगितला. न्हाव्याले काहीच माहीत नव्हतं. केसांत बोटं घालून म्हणे, "किसने काटा भैया? सब एक बराबर!" मुंडनानंतर सारखेच वाढले होते ना. त्यानं बाजू बारीक केल्या, वरचे केस वॅक्स लावून उभे केले.

असा कट करून आलो की बाबा ड्युटीवरून येऊन प्लांटचं हेल्मेट काढता काढता म्हणायचे, "आला पहा कोंबडा!" मी चिडायचो. कावून चिडायचो? कारण तरी काय होतं?

आज आईनं एकदा पाहिलं अन् परत पोळ्या लाटू लागली. सब एक बराबर... तेच डोक्यात घुमून राहिलं. शेवटी आरशापुढे मीच म्हटलं, "आला पहा कोंबडा!"

बाबांसारखं जमलं नाही.